अंगणवाडी सेविकेच्या भरतीला बालशिक्षणाची पदविका सक्तीची करावी का?

निंबोणी: आमच्या गावात सेविकेची भरती निघाली आहे. पूर्वी दहावी चालायची, आता बारावी लागते आणि बाई गावातलीच रहिवासी हवी. माझ्या मते एवढ्यावर भागत नाही. चार वर्षांच्या पोरांना पाटीवर ‘ग’ गिरवायला बसवतात, बोटं दुखून रडणारी पोरं मी पाहिली आहेत. आधी माती मळायची, मणी ओवायचे, चिंचोके निवडायचे, मग पेन्सिल. हे शिकलेल्या बाईलाच कळतं. पदविका नसेल तर नेमणूक नको.

मेळघाटकर: ताई, आमच्याकडे पोरं घरी कोरकू बोलतात. पदविकावाली बाई अमरावतीहून आली तर पोर कित्येक महिने तोंड उघडणार नाही. गावातल्या सेविकेला त्याची भाषा येते, आईबाप कामासाठी कधी बाहेर जातात तेही ठाऊक असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली.

निंबोणी: दादा, पण त्या आधी ताराबाईंनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं, १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. अनुताई बोर्डीत आल्या त्याच मुळी शिक्षिकेचा अनुभव गाठीशी घेऊन. अभ्यास पक्का होता म्हणून तर अंगणात शाळा भरवता आली.

शहरवासी: आमच्या गल्लीतल्या प्ले-ग्रुपमध्ये फी भरपूर, पण शिकवणाऱ्या मुलीचं शिक्षण कोणी विचारत नाही. सक्ती करायची तर तिथूनही करा.

सेविका_ग्रामीण: मी स्वतः सेविका आहे. पोरांची वजनं-उंची, पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरणं, टीएचआर म्हणजे घरी न्यायच्या शिध्याचं वाटप, गरोदर बायांच्या घरी भेटी, लसीकरणाला आशाताईंबरोबर घरोघर फिरणं, शिवाय सर्वेक्षणं. फोन हँग झाला की हजेरी राहते आणि आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मुख्यसेविकेचा निरोप येतो. गाणं-गोष्टीला उरतो जेमतेम तास. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो. तेव्हा मानधन महिना १०,००० रुपये होतं, २०२४ मध्ये १३,००० झालं. दिवाळीला बोनस नाही, ‘भाऊबीज भेट’ मिळते. ग्रॅच्युइटीचा हक्क २०२२ साली सुप्रीम कोर्टाने मान्य केला, तोही गुजरातच्या बाया कोर्टात लढल्या म्हणून. पदविका मागा, मी करेन. पण मग मला शिक्षिका म्हणा आणि पगारही शिक्षिकेचा द्या.

मेळघाटकर: अगदी बरोबर. आणि नेमणुकीआधीच पदविका मागितली तर आमच्या गावातली एकही मुलगी अर्ज करू शकणार नाही, जागा बाहेरच्यांना जाईल.

निंबोणी: मग नेमणुकीनंतर करू द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, काम सांभाळून करायची सोय सांगितली आहे. फी सरकारने भरावी. पगाराचं म्हणणं पटतं, पण तो वाढेपर्यंत शिक्षण थांबवायला माझी तयारी नाही. आज तीन वर्षांचं असलेलं पोर तोवर पहिलीत जाईल.

सेविका_ग्रामीण: शिकायला मी कधीच नाही म्हटलं नाही, ताई. पण वर्ग रात्री ऑनलाइन ठेवणार असाल, तर ट्रॅकरची माहिती मी तेव्हाच भरत असते. आधी ते काम दुसऱ्या कोणाकडे द्या.