मदत हवी आहे: थोड्या नगांसाठी स्वतःच्या नावाचं पॅकिंग कसं परवडवायचं?

नमस्कार मंडळी. मी हाताने साबण बनवून विकते. आता स्वतःच्या नावाचे बॉक्स करून घ्यायचे आहेत, पण बजेट बेताचं आहे.

कुठेही चौकशी केली की गाडी किमान ऑर्डरपाशी अडते. ऑफसेट छपाईला प्लेट (छपाईचा पत्रा) आणि डायचा (बॉक्स कापायचा साचा) खर्च सुरुवातीलाच येतो, त्यामुळे हजारोंनी घेतले तरच नगामागचा दर उतरतो. डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, थोडे नगही मिळतात, पण प्रत्येक नग महाग पडतो. शिवाय साबणाचा आकार बदलला की उरलेले बॉक्स वाया.

म्हणून तयार मापाचे कोरे क्राफ्ट (तपकिरी जाड कागदाचे) बॉक्स घेऊन त्यावर एकरंगी छापील स्लीव्ह, म्हणजे बॉक्सभोवती बसणारी कागदी पट्टी, चढवावी असं मनात आहे. नवा सुगंध आला की फक्त स्लीव्ह बदलायची. कुरिअरसाठी बाहेरून तीन प्लायचा (तीन थरांचा) कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याचा बॉक्स, तोही नेमक्या मापाचा. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि असं किलोत आलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्यावरच पैसे लावतात.

ज्यांनी स्लीव्ह वापरली आहे त्यांनी कृपया सांगा, 300 जीएसएम (एका चौरस मीटरला 300 ग्रॅम) जाडीचा कागद घडीवर फुटतो का? साबणाचं तेल कागदावर उतरतं, त्याला आतून बटर पेपर पुरेल का? लॅमिनेशन मला मनापासून नको आहे, प्लॅस्टिकचा थर बसला की कागदाचं रिसायकलिंग अवघड होतं. आणि छपाईआधी कोरा नमुना मागितला तर बॉक्सवाले देतात का?