मदत हवी आहे: पोरगी चारचौघांत तोंडच उघडत नाही, जन्मजात आहे का?

परभणीची_आई: गॅदरिंगला सगळी पोरं नाचली, आमची फ्रॉकची कड चावत कोपऱ्यात. सासूबाई म्हणतात, बापावर गेली. स्वभावच असा असेल तर बदलतो का? लवकर सांगा, उद्या बाईंनी भेटायला बोलावलंय.

गोदाकाठचा: ताई, वय किती? घरी बोलते का?

लातूरवाला: लातूरला होस्टेलला टाका. आमचा पुतण्या असाच मुखदुर्बळ होता, आता भर क्लासात डाउट विचारतो.

गोदाकाठचा: भाऊ, वय तर कळू द्या!

परभणीची_आई: सहा. घरी तोंडाला कुलूप नसतं. पाहुण्यांनी नाव विचारलं की माझ्या मागं दडते, मग मीच सांगून टाकते. माणसाला किती ताटकळत ठेवायचं? तान्ही असताना मिक्सर लावला तरी किंचाळायची.

मनमोकळं_नांदेड: मिक्सरचं बरं सांगितलंत. हार्वर्डच्या जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञानं चार महिन्यांच्या बाळांना हलती रंगीत खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशी बाळं पुढं बुजरी होण्याची शक्यता जास्त. 2012 साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तर बुजऱ्या मुलांपैकी सुमारे 43 टक्क्यांना पुढं लोकांत वावरायच्या भीतीचा आजार जडला, बाकीच्यांत 12 टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त बुजरी त्यातून सुटलीच की. स्वभाव जन्माचा, पण भीती मुरते टाळण्यानं. तुम्ही नाव सांगितलं की तिची सुटका होते, आणि बोललं तरी काही बिघडत नाही हे तिला कळतच नाही. थोडं थांबत जा.

लातूरवाला: घ्या, शेवटी आईवरच आलं! आमच्या वेळी एक धपाटा बसला की पोरगं बोलायचं.

गोदाकाठचा: बोलायचं नाही, रडायचं.

हिंगोलीची_काकू: धपाट्यावरून आठवलं, ज्वारीच्या पिठात बेसन किती घालावं? माझे धपाटे तुटतात.

परभणीची_आई: काकू, नंतर! बाईंना काय सांगू ते सांगा कुणीतरी. बाईंशी एक शब्द बोलत नाही, मान हलवते नुसती.

मनमोकळं_नांदेड: हे आधी सांगायचं ना! महिन्याहून जास्त झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. तोवर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे. बाईंना म्हणावं, वर्गापुढं उभं करू नका. आधी मैत्रिणीच्या कानात उत्तर सांगू दे, मग बाईंच्या.

लातूरवाला: आणि होस्टेलचं?

हिंगोलीची_काकू: सहा वर्षांच्या लेकराला? राहू द्या भाऊ. बेसनाचं माहीत असेल तर बोला.