गावाचं पान बंद केलं, कारण सांगत नाहीत. दाद कुठे मागायची?

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात राहते. सहा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर गावासाठी पान चालवत होते. ज्वारीचा भाव, टँकर कुठल्या वस्तीला कधी येणार, लाईट कधी जाणार, ग्रामसभेची नोटीस, हे सगळं त्यावर असायचं. पाणी योजनेचं काम का अडलंय, असंही दोनदा विचारलं होतं. गेल्या सोमवारी फोन उघडला तर एकच ओळ: पान नियमांत बसत नाही. कुठला नियम, कुठली पोस्ट, काही नाही. फेरविचाराचं बटण दाबलं, चौदा मिनिटांत नकार. तेवढ्या वेळात सहा वर्षांचं मराठी कुणा माणसाने वाचलं असेल, हे मला पटत नाही.

त्याच दिवशी टँकर दुपारऐवजी सकाळी आला. माळावरच्या वस्तीला कळलंच नाही. बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा टाकीच्या तळाशी नुसता गाळ होता. कंपनी खासगी आहे, मान्य. पण गावाचं बोलणं असं बंद करायचा हक्क तिला कुणी दिला?

सोलापूरकर:
ताई, वाईट वाटलं. पण जागा त्यांची, नियम त्यांचे. खातं उघडताना आपणच अटी मान्य करतो. दुसऱ्या अ‍ॅपवर जा ना.

भीमाकाठ:
दादा, जाऊ हो, पण अकरा हजार माणसं कशी नेऊ? ग्रामसेवकही नोटिशीचा फोटो तिथेच टाकायला सांगायचे. पंचायतीसमोरचा फळा चार वर्षं कोरा आहे. सगळा गाव जिथे बोलतो ती जागा एकाच्या मालकीची कशी म्हणायची?

कोर्टाची पायरी:
वकिली करतो, म्हणून आधी कामाचं सांगतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच द्यावी लागते. तिथे न्याय मिळाला नाही, तर उत्तर आल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, चौदा मिनिटांचा तर नक्कीच.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे बोलण्याचं स्वातंत्र्य वगैरे, मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतं. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं, की कलम १९ आणि २१ (जगण्याचा हक्क) मधले हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात. पण त्या जोरावर एखादं पान परत मिळवणं अजून अवघडच आहे. आणि एक काळजी बोलून दाखवतो. अपील समितीचे सदस्य केंद्र सरकार नेमतं. पाणी योजनेवर प्रश्न विचारणाऱ्याने कंपनीविरुद्धची दाद सरकारी समितीकडे मागायची, हे मला खुपतं. तरी अपील करा, आज तरी हाच मार्ग आहे.

जुना मोडेम:
सोलापूरकर, 'दुसरीकडे जा' म्हणणं सोपं आहे. २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवं गोपनीयता धोरण आणलं तेव्हा अट हीच होती, मान्य करा नाहीतर अ‍ॅप सोडा. घरातले, शाळेचे, सोसायटीचे गट सोडून जाणार कुठे? त्यावरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. पण लोकांनी रेटा लावला की फरक पडतो, हेही पाहिलंय. ठरावीक वेबसाइटच फुकट देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेविरुद्ध आम्ही रात्र रात्र बसून ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, ईमेल पाठवले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेबसाइटप्रमाणे वेगळे डेटा दर लावायला बंदी केली. ताई, तक्रार कराच, आणि गावकऱ्यांचे नंबर स्वतःकडे लिहून ठेवा.

भीमाकाठ:
सर्वांचे आभार. तक्रार पाठवली, पोच आली. काल मुलीने गव्हाच्या पिठाची खळ करून दिली. टँकरच्या वेळा कागदावर लिहून पंचायतीच्या फळ्यावर चिकटवल्या. नंबरांची वहीही केली आहे, दोन संध्याकाळी दारोदार फिरून २१४ झाले. माळावरची वस्ती पहिली घेतली.