शब्दचर्चा : ‘बाहेरचं’, ‘त्रास’, ‘समंध’ आणि घरातली भीती

प्रश्न

साध्या घरात घडणाऱ्या छोट्या भयकथा मी आवडीने वाचते. त्यात एक गोष्ट सारखी खटकते. कुकरची शिट्टी, सासूबाईंच्या गोळ्या, सोसायटीची मीटिंग इथपर्यंत भाषा अगदी घरची असते. भीतीचा क्षण आला की मात्र ‘तिला तिथे एक अमानवी अस्तित्व जाणवलं’ असं काहीतरी येतं. असं कोण बोलतं? अशा वेळी आपल्या घरांतून खरे कोणते शब्द निघतात? शिवाय भयकथा आणि गूढकथा यांत फरक करावा का?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नात फार अडकू नका. नारायण धारप म्हटलं की ‘भयकथा’ आठवते आणि रत्नाकर मतकरी म्हटलं की ‘गूढकथा’, यात सवयीचा भाग मोठा आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर भय वाचणाऱ्याला वाटतं आणि गूढ गोष्टीत असतं. एकाच कथेत दोन्ही असू शकतात.

पहिला प्रश्न मात्र जिव्हाळ्याचा आहे. माझ्या मते ‘अमानवी शक्ती’, ‘अनाकलनीय अस्तित्व’ हे शब्द वाचणाऱ्याला घराबाहेर काढतात. आपल्याकडे भीतीचे शब्द रोजच्या शब्दांतच मुरलेले आहेत. ‘बाहेरचं’ घ्या. ‘काल बाहेरचं खाल्लंस का?’ हे आई विचारते. त्याच घरात दार लोटून, आवाज खाली आणून कुणीतरी म्हणतं, ‘डॉक्टरांचं झालं, आता बाहेरचं बघून घ्या.’ कशाच्या बाहेरचं, ते कोणी सांगत नाही, आणि सगळ्यांना कळतं.

दुसरा शब्द ‘त्रास’. आज आपण गुडघ्याचा त्रास म्हणतो, शेजाऱ्यांचा त्रास म्हणतो. संस्कृतात मुळात त्याचा अर्थ भीती, थरकाप. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या क्षणिक भावनांत, ‘शंका’ आहे आणि ‘त्रास’ही आहे. वीज कडाडली, काही अंगावर कोसळलं की एकाएकी दचकायला होतं, तो तिथला त्रास. ‘त्या फ्लॅटमध्ये त्रास आहे’ असं कुणी म्हणतं तेव्हा आजचा अर्थ आणि जुना अर्थ दोन्ही एकदमच ऐकू येतात. आणि शंका! बहुतेक चांगल्या घरगुती भयकथा शंकेवरच चालतात, खरं भय शेवटच्या दोन ओळींत येतं. मनात पाल चुकचुकते ती शंकेचीच.

तिसरा शब्द मला सगळ्यांत भेदक वाटतो, तो ‘समंध’. इच्छा राहून गेलेल्या, मागे वारस नसलेल्या माणसाचं भूत. आणि गावाकडे भांडणात ‘तुझा काय समंध?’ म्हणतात, तो संबंधच. नातं आणि भूत, दोघांना एकच उच्चार. कथेत वाटणीवरून भांडणाऱ्या भावांच्या तोंडी हे वाक्य नुसतं येऊ द्या, वर स्पष्टीकरण देऊ नका.

प्रतिसाद

क्रियापदांकडेही बघायला हवं. दचकणे, धस्स होणे आणि चरकणे हे तिन्ही लेखक एकमेकांच्या जागी वापरतात, पण ते एक नाहीत. दचकायला आवाज किंवा स्पर्श लागतो. धस्स व्हायला वाईट बातमी, निदान तिची चाहूल लागते. चरकायला फक्त काहीतरी जागेवर नसलेलं दिसावं लागतं. उदाहरण देतो. घरात नवराबायको दोघंच. रोजच्यासारखा तिने चहा गाळला. ट्रेमध्ये कप तीन होते, आणि तिसऱ्यात साखर घातलेली नव्हती, बाबांना लागायचा तसा. इथे ती ‘चरकली’. ‘किंचाळली’ लिहिलंत तर कथा तिथेच संपली. ‘धसका’ याच्याही पुढचा: प्रसंग सरतो आणि धसका अंगात उरतो, माणूस त्याने झुरतो. ‘धास्ती’ त्याच्या उलट, अजून न घडलेल्याची.

प्रतिसाद

‘बाहेरचं’बद्दल एक सांगायलाच हवं. हा शब्द कथेत कितीही चपखल असला तरी घरात तो बहुतेकदा बाईवर पडतो. सून जेवत नाही, बोलत नाही, रात्रभर जागी असते, की ‘हिला बाहेरचं आहे’. तिला काय होतंय हे मग कोणी विचारतच नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं त्यात गुन्हा आहे. लिहिणाऱ्यांनी हा शब्द जरूर वापरावा, पण तो कोण उच्चारतंय आणि कुणाबद्दल, याकडे लक्ष द्यावं. कित्येकदा घरातली सगळ्यांत भीतिदायक गोष्ट तो उच्चारणारा माणूसच असतो.

प्रतिसाद

वरचं पटलं. आणखी दोन भर घालते. ‘घर खायला उठतं’ हे आपण माणूस गेलेल्या घराबद्दल सहज बोलतो, आणि कथेत ते जसंच्या तसं खरं होऊ शकतं. दुसरं ‘येतो’. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे लहानपणी सगळ्यांना शिकवलेलं असतं. अपघातात गेलेल्या माणसाचं उंबऱ्यावरचं शेवटचं वाक्य बहुतेक घरांत हेच असतं. लेखकाला आणखी काय हवं?

सिंधुदुर्ग-गोव्याकडे ‘देवचार’ म्हणतात, तो राखणदारही असतो आणि रागावलाच तर भोवतो. त्याला सरसकट भूत म्हटलेलं तिथल्या माणसांना आवडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी सांगा, तुमच्याकडे ‘बाहेरचं’ला घरात काय म्हणतात?