चंद्रकलांचा व्हिडिओ बघून मुलं उलटंच शिकली, कुठे चुकलं?

विज्ञानबाई_बीड
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गातली 6 मुलं दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय, परतायची नाहीत. त्यांचं शिकणं तुटू नये म्हणून मी पॉवरपॉइंटमध्ये हलत्या चित्रांचे साधे व्हिडिओ करून व्हॉट्सॲपवर पाठवते. रात्री वडील उसाच्या फडातून कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) आले की फोन मुलांच्या हाती येतो.

चंद्रकलांचा व्हिडिओ 4 मिनिटांचा झाला. डावीकडे सूर्य, मधे पृथ्वी, बाजूला अर्धा पांढरा, अर्धा काळा चंद्र. पृथ्वी आणि चंद्राचा ग्रुप करून त्याला 'स्पिन' (गोल फिरवणारं ॲनिमेशन) दिलं. मी बोलते तीच वाक्यं खाली लिहिली, मागे बासरी लावली. तीन रात्री बसले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला: "बाई, चंद्रावर पृथ्वीची सावली पडती म्हणून तो अर्धा दिसतो ना?" मी सावली हा शब्दही उच्चारला नव्हता! आणखी दोघांनी तेच सांगितलं. शिवाय फाइल जड, दोघांकडे उघडलीच नाही. काय बदलू?

फ्रेमवेडा
बाई, चूक 'स्पिन'मध्ये आहे. ग्रुप फिरला की चंद्रही वळतो आणि त्याची पांढरी बाजू कायम पृथ्वीकडेच राहते. म्हणजे तुमच्या व्हिडिओत रोजच पौर्णिमा. मग चंद्र कमी का होतो, याला मुलीकडे सावलीशिवाय दुसरं कारणच उरलं नाही. तिने व्हिडिओ फार नीट पाहिलाय.

ग्रुप सोडवा आणि फक्त चंद्राला गोल 'मोशन पाथ' द्या. त्यात चित्र सरकतं पण वळत नाही, त्यामुळे पांढरी बाजू सूर्याकडेच राहील. चंद्र घड्याळाच्या उलट दिशेने जायला हवा. तसा जात नसेल तर 'रिव्हर्स पाथ डायरेक्शन' करा. पडद्याचे दोन भाग पाडा: एकात वरून दिसणारी फेरी, दुसऱ्यात अंगणातून दिसणारा चंद्र. दोन्ही एकाच वेळी बदलू द्या.

खालची वाक्यं काढा. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर कितीतरी प्रयोग केलेत. चित्र हलत असताना तेच शब्द कानावर आणि पडद्यावर आले की डोळे अक्षरांत अडकतात आणि चित्र निसटतं. 'अमावास्या', 'शुक्ल अष्टमी' एवढी नावं त्या त्या जागी पुरेत. बासरीही नको. आणि फाइल हलकी व्हावी म्हणून 480पीमध्ये (कमी रिझोल्यूशनमध्ये) एक्स्पोर्ट करा, दीड-दीड मिनिटाचे तुकडे पाडा, रंग सपाट ठेवा. मागे ताऱ्यांचा फोटो असेल तर तोही काढा.

साखरशाळेतले_गुरुजी
वरचं सगळं पटलं. पण पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत दाखवलेत तर सावलीची शंका परत येणारच. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंश कललेली आहे, हे सपाट पडद्यावर दाखवणं अवघड. त्यासाठी व्हिडिओ थांबवून मुलांना उठवा. पेन्सिलीला लिंबू खोचायचं, अंधारात समोर फोनचा टॉर्च डोक्याच्या उंचीवर ठेवायचा, लिंबू हातभर लांब धरून जागच्या जागी डावीकडे वळत एक गिरकी घ्यायची. टॉर्चकडे पाठ झाल्यावर डोक्याची सावली लिंबावर पडली तर ते ग्रहण. हात जरा वर उचलला की लिंबू उजळतं, ती पौर्णिमा. कोपीवर आम्ही हेच करायचो.

आणि संकष्टी विचारा! उपास सोडायला आई नऊ-नऊ वाजेपर्यंत चंद्राची वाट का बघते? पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा. हे त्यांच्या घरातलं आहे.

विज्ञानबाई_बीड
फ्रेमवेडा, ग्रुप सोडवून पाहिलं आणि माझी चूक तिथेच डोळ्यांपुढे आली. इतके दिवस मी स्वतः ते पाहिलं नव्हतं. आता तीन छोटे तुकडे केलेत, दुसऱ्याच्या शेवटी म्हणते, "इथे थांबवा आणि पुढचा चंद्र वहीत काढा." गुरुजी, लिंबाचा प्रयोग मुलांनी कांद्यावर केला, लिंबू नव्हतं. फाइल सहाही जणांकडे उघडली.

आज त्याच मुलीचा मेसेज आलाय: "बाई, पहाटे आई फडात निघाली तवा चंद्र वर होता, अर्धा. पांढरी बाजू उगवतीकडं होती. सूर्य तिकडूनच येणार होता ना?"