मदत हवी आहे: सीमाभागातील छोट्या वाचनालयासाठी ऑनलाइन देणगीची कोणती सेवा घ्यावी?

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि गेली चार वर्षे त्याच्या चिटणीसपदाचे काम मी पाहतो. संस्थेची नोंदणी कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली झाली असून १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही दोन्ही प्रमाणपत्रे आमच्याकडे आहेत. वर्षाला दीड-दोन लाखांच्या देणग्या येतात आणि त्यांतूनच नवी पुस्तके, मासिके, वीजबिल आणि संध्याकाळी अभ्यासिका उघडणाऱ्या मुलाचे मानधन भागते. पूर्वी यात्रेच्या दिवशी देवळापाशी टेबल मांडून पावती पुस्तक भरले जाई. आता देणारी बरीच माणसे पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात आणि काही आखातात आहेत.

सध्या संस्थेच्या बचत खात्याचा क्यूआर कोड कपाटाच्या दारावर चिकटवला आहे आणि तोच व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्यावर शुल्क कापले जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. परंतु महिनाअखेरीस पासबुक छापून आणले की एका ओळीत १२ आकडी व्यवहार क्रमांक आणि अर्धवट तुटलेले नाव एवढेच दिसते. गेल्या वर्षी आलेले ५०१ रुपये कोणाचे, हे शोधण्यासाठी मी अकरा जणांना फोन केले आणि तरीही ती पावती फाडायची राहिली. ८०जीची सवलत हवी असलेल्या देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक, पूर्ण नाव आणि पत्ता मिळाला नाही, तर १०बीडी विवरणात (आयकर खात्याला द्यायच्या देणग्यांच्या यादीत) त्याची नोंद करता येत नाही आणि त्याला १०बीई (देणगीचे) प्रमाणपत्रही देता येत नाही. हे विवरण आम्ही दरवर्षी ३१ मेच्या आत भरत आलो आहोत. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये शुल्क लागते आणि आमच्यासारख्या संस्थेला ते परवडणारे नाही.

म्हणून दोन मार्गांचा विचार चालू आहे. पहिला म्हणजे रेझरपे, कॅशफ्री किंवा पेयू यांसारखे पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात जमा करणारी सेवा) घेऊन स्वतःचे देणगी पान उघडणे. कार्डावर साधारण २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला, तर ५०० रुपयांतून ११ रुपये ८० पैसे जातात. पावती मात्र पूर्ण ५०० ची देऊन कापलेली रक्कम खर्चात दाखवावी, असे आमच्या लेखापरीक्षकांचे म्हणणे आहे आणि मलाही तेच रास्त वाटते. दुसरा मार्ग म्हणजे देणग्या गोळा करून देणाऱ्या मंचावर संस्थेचे पान ठेवणे. तेथे पावतीचे काम हलके होते, पण काही मंच देणगी आधी स्वतःच्या संस्थेच्या नावावर घेतात आणि ८०जीची पावतीही त्यांचीच जाते. मग देणगीदारांची यादी आमच्याकडे उरते का, हा माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा मोठा प्रश्न आहे. शिवाय एका मंचावर आमच्या निवृत्त गुरुजींनी १,००० रुपये दिले, तेव्हा आधीच खूण केलेली ‘टिप’ त्यांच्या लक्षात आली नाही आणि खात्यातून १,१०० रुपये गेले. आपल्या माणसाच्या बाबतीत असे पुन्हा घडू नये, असे मनापासून वाटते.

आमच्या भागाची एक वेगळी अडचण आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र कन्नडमध्ये आहे, संस्थेची घटना (नियमावली) मराठीत आहे, ८०जीच्या आदेशावर जिल्ह्याचे नाव जुन्या ‘बेलगाम’ स्पेलिंगने आहे आणि बँकेच्या पत्रावर २०१४ नंतरचे ‘बेळगावी’ आहे. एका सेवेने या कारणावरून आमचा अर्ज दोनदा परत पाठवला. नोटरीकडून इंग्रजी भाषांतर करून दिल्यावरही तिसऱ्यांदा तीच शंका काढण्यात आली.

परदेशी पैशाबद्दलही सावध राहावे लागते. आमच्याकडे एफसीआरए (परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी) नोंदणी नाही. आखातातील आमचे कामगार भारतीय पासपोर्टधारक असल्यामुळे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. पण ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांच्याकडून, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, आम्हाला एक रुपयाही घेता येत नाही. त्यामुळे परदेशी कार्डे पूर्ण बंद ठेवून एनआरई खात्यातील (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यातील) रक्कम स्वीकारता येईल आणि नागरिकत्वाचा प्रश्न पैसे भरण्याआधीच विचारला जाईल, अशी सोय हवी.

पावतीवर देवनागरी नाव नीट उमटणेही आम्हाला आवश्यक वाटते. एका चाचणी पावतीत ‘श्रीकृष्ण’ या नावाची वेलांटी एकीकडे आणि अक्षरे दुसरीकडे छापली गेली होती. आयुष्यभर वाचनालयाला पुस्तके देत आलेल्या माणसाच्या हातात तसा कागद देण्याची माझी तयारी नाही. पान मराठीबरोबर कन्नडमध्येही करता आले तर फार बरे, कारण शेजारच्या गावांतील कन्नडभाषक वाचकही दरवर्षी आवर्जून हातभार लावतात.

निपाणी, चिकोडी, बेळगाव किंवा पलीकडे चंदगड, गडहिंग्लज भागात ज्यांच्या संस्थेने अशी सेवा प्रत्यक्ष वापरली आहे, त्यांनी कृपया सांगावे: कागदपत्रांची पडताळणी किती दिवसांत झाली, जिल्ह्याच्या नावातील फरकासाठी कोणता कागद चालला, आणि महिना १०० रुपयांची यूपीआय ऑटोपे (दरमहा आपोआप कापली जाणारी) देणगी ग्रामीण बँकांच्या खातेदारांकडून सुरळीत येते का? गणपतीला गावी येणाऱ्या मंडळींपुढे नवे पान ठेवायचे आहे, त्यामुळे त्याआधी निर्णय घ्यावा लागेल.