मदत हवी आहे: आईच्या डीएनएत 7% आफ्रिकन, पुढची टेस्ट कोणाची आणि कोणती?

आईच्या ऑटोसोमल टेस्टमध्ये (आई-वडील दोघांकडून आलेला डीएनए तपासणारी) 7% 'दक्षिण-पूर्व आफ्रिका (बांटू)' आलंय. दुसऱ्या कंपनीत डेटा टाकला, तिथंही 6 ते 8. त्यामुळे हा आकडा चुकून आलेला नसावा. मायटोकॉन्ड्रियल (फक्त आईकडून आईकडे जाणारा डीएनए) हॅप्लोग्रुप, म्हणजे वंशगट, एम, भारतीय. म्हणजे आजीच्या आईकडची सरळ रेषा सोडून द्यायची.

माझे आजोबा (आईचे वडील) गोव्यातल्या बार्देशातले ख्रिश्चन. चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या पणजीचा, बाप्तिस्मा सापडला. त्यात पणजीच्या आईचं नाव आहे, वडिलांच्या जागी 'पाई इंकॉग्नितू', म्हणजे बाप अज्ञात. शाई तिथं जरा फिकी आहे, पण अक्षर स्पष्ट वाचता येतं. घरात पणजीला 'खाप्री' (आफ्रिकन माणसाला हिणवून वापरायचा शब्द) म्हणत, असं आई सांगते. ऐकताना मला फार वाईट वाटलं. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा, गुलाम तिथूनच यायचे, त्यामुळे माझा अंदाज तिकडचाच आहे.

आडनाव पोर्तुगीज आहे, पण बाप्तिस्म्यात मिळालेलं, त्यावरून माग लागत नाही. मॅचमध्ये (आईशी डीएनए जुळणारे लोक) सगळे गोव्याचेच, एकमेकांत लग्नं झालेले. मोझांबिकचा एकही नाही.

आता आजोबांची सख्खी बहीण, वय 84, लाळ द्यायला तयार आहे. पैसे एकाच टेस्टचे आहेत. मायटोकॉन्ड्रियल केली तर त्या पणजीची आईकडची रेषा कळेल, पण अज्ञात बाप आफ्रिकन असेल तर काहीच हाती लागणार नाही. ऑटोसोमल केली, तर आईचे आफ्रिकन तुकडे तिच्याशी जुळवून बाजू तरी पक्की होईल का? तुम्ही असाल तर कोणती कराल?